जिनं उचललं तिची

३ फेब्रुवारी, मंगळवार

"हे मूल कोणाचं आहे?" — खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ ह्युबनर सतरा वर्षांपूर्वी आमच्या जिन्यात उभ्या राहून म्हणाल्या होत्या. आज ते वाक्य दिवसभर कानात आहे. कारण केराने फॉर्म आणला.

जर्मन नागरिकत्व मिळताना पहिलं नाव बदलून घेता येतं. मूल अठराच्या आतलं असेल तर आई-वडील दोघांची सही लागते. हृषिकेशने उभ्या उभ्या केली. "नाव तिचं आहे, ऊर्मिला. तिला ठरवू दे." मी म्हटलं, ठेव टेबलावर, वाचते. वाचण्यासारखं काही नाही त्यात. नव्या नावाच्या चौकटीत तिने पेन्सिलीने लिहिलंय — क्लारा. पुढच्या वर्षी आबिटूर, शाळेची शेवटची परीक्षा. त्या सर्टिफिकेटवर तिला हे नाव हवंय.

अठरा तारखेला सकाळी नागरिकत्वाच्या ऑफिसात टेर्मिन आहे, भेटीची ठरलेली वेळ. पंधरा दिवस.

मी कथा लिहिते. एखाद्या बाईचं नाव ठरवायला मला आठवडा लागतो, मग गोष्ट पुढे सरकते. पोटच्या मुलीचं नाव मात्र मी ठरवलं नव्हतं.

४ फेब्रुवारी

शाळेतून आल्यावर तिने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. मुलींच्या नावांची कुठलीशी वेबसाइट. केरा — उगम अनिश्चित, बहुधा आयरिश. अर्थ: काळसर. लोकप्रियता: आकडे उपलब्ध नाहीत.

"आयरिश की किरण?" तिने विचारलं. जर्मनमध्ये. ती मराठी सगळं समजते, उत्तर जर्मनमध्ये देते.

"किरण. सूर्याचा."

"मग हे कुठेच का नाही? जगात हा अर्थ फक्त तुलाच माहीत आहे."

दुसरीत असताना तिने वर्गासाठी मोठा पिवळा सूर्य काढला होता. खाली लिहिलं होतं, केरा म्हणजे सूर्याचा किरण. तळघरात आहे अजून. आजही तेच सांगितलं मी. डोळ्यांत बघून.

७ फेब्रुवारी, शनिवार

झालं ते असं. पुण्याला सासूबाईंशी व्हिडिओ कॉल चालू होता. केरा बोलत होती, म्हणजे सासूबाई मराठीत आणि ही जर्मन-इंग्रजीत. मागून कुंदा आली, त्यांच्याकडे काम करते ती. "आज्जी, केर काढू का आता?"

सासूबाईंचा चेहरा पडला. केराने तो पाहिला.

आमच्या घरात हा शब्द नाही. सतरा वर्षं आम्ही "झाडून घे" म्हणतो, "कचरा उचल" म्हणतो. सासूबाई इथे राहायला यायच्या तेव्हा जीभ चावत बोलायच्या. "केर काढते" म्हणणाऱ्या पाहुण्यांनासुद्धा मी हातातला झाडू काढून घेऊन गप्प बसवलंय.

कॉल संपल्यावर तिने शब्दकोशात पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "तू माझं नाव कचरा ठेवलंस?"

मी पोळी तव्यावर तशीच सोडली. जळाली.

८ फेब्रुवारी, रविवार

आज सांगितलं. सगळं. तिला सांगताना जे तुटक झालं ते इथे नीट लिहून ठेवते.

तुझ्याआधी एक होती. अन्वी. नऊ दिवस जगली, इथल्याच दवाखान्यात, काचेच्या पेटीत. तिचं नाव मी ठरवलं होतं. पाचव्या महिन्यातच. सगळ्यांना सांगत सुटले होते, वहीत लिहून पाहिलं होतं, आडनावासकट.

दोन वर्षांनी तू झालीस. मी कुणाला नाव सांगितलं नाही, कारण मी विचारच केला नव्हता. सासूबाई पुण्याहून आल्या, बॅगेत धान्य पाखडायचं सूप घेऊन. त्यांच्या आजीचं नाव केराबाई. तिच्याआधीची चार भावंडं गेली होती. म्हणून पाचवीला केरावर ठेवली, दुसऱ्या बाईने उचलली, आणि तिच्या आईने मूठभर धान्य देऊन तिच्याकडून विकत घेतली. हे मूल टाकून दिलेलं आहे, घेण्यासारखं नाही, असं मरणाला वाटावं म्हणून. ती एक्क्याण्णव वर्षं जगली.

बाराव्या दिवशी सासूबाईंनी घर झाडलं, केर दाराबाहेर जिन्यात लोटला, त्यावर सूप ठेवलं, सुपात तुला. मला आत बसवून दार लावून घेतलं. आईने बघायचं नसतं. पहिलं जे कोणी येईल ते उचलेल.

शनिवार होता. जिना झाडायची पाळी फ्राऊ ह्युबनरांची. त्या झाडू आणि बादली घेऊन वर आल्या.

"हे मूल कोणाचं आहे?"

सासूबाईंना जर्मन येत नाही. पण कळलं असावं. "तुमचं," त्या मराठीत म्हणाल्या. "उचला."

उचललं त्यांनी. मग आमची बेल दाबून धरली ती सोडेचनात. तुझ्या बाबाच्या हातात तुला देऊन म्हणाल्या, पुन्हा असं दिसलं तर मी मुलांच्या खात्याला फोन करीन. सासूबाई माझ्या हातात मूठभर तांदूळ देऊन तो हात पुढे करत होत्या. फ्राऊ ह्युबनरांनी तो हात बाजूला सारला. त्यांच्याकडे भरपूर तांदूळ आहेत म्हणाल्या. आणि केर झाडून घेतला, आमच्याही दारातला.

विकत घ्यायचं राहिलं. सासूबाई म्हणाल्या, असू दे, तिचीच राहू दे, उलट बरंच आहे.

केराने शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच विचारलं, "अन्वीचा फोटो आहे?"

आहे. दिला.

९ फेब्रुवारी

केरा सतरा वर्षांची झाली. केक खाली फ्राऊ ह्युबनरांकडे कापला. मला बोलावलं नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

फ्राऊ ह्युबनर जिन्यात भेटल्या. एकोणऐंशीच्या आहेत, कठड्याला धरून एक एक पायरी चढतात, वर यायचं कारण नसताना येतात. केराच्या शाळेनंतरच्या सगळ्या दुपारी त्यांच्या घरी गेल्या आहेत. शिवण त्यांनी शिकवलं, सायकल त्यांनी शिकवली. स्वतःचं मूल नाही.

"मुलीने मला तुमच्या तांदळाचं सांगितलं," म्हणाल्या. "मला वाटलं होतं, टीप देताय."

मी माफी मागितली. इतक्या वर्षांनी.

"आल्झो, असं बघा," त्या म्हणाल्या, "आपल्याकडे कायदा आहे. सापडलेली वस्तू सहा महिन्यांत कोणी मागितली नाही तर ती सापडणाऱ्याची. तुम्ही मागितली नाहीत."

हसल्या नाहीत. मग माझ्या हातातली पिशवी बघून विचारलं, ही ब्रेडची बेकरी बदललीत का, पूर्वीची बरी होती.

१३ फेब्रुवारी

ती बोलली आज. भांडीवाल्या मशीनमध्ये ताटं लावता लावता, माझ्याकडे न बघता.

"नावाचं मला कळलं. आज्जी घाबरली होती, तू घाबरली होतीस. ठीक आहे. पण तू मला कधी 'माझी' म्हणत नाहीस. शाळेत, डॉक्टरकडे, मागे नागरिकत्वाच्या ऑफिसातसुद्धा त्या बाईने विचारलं, ही तुमची मुलगी का? तू म्हणालीस, ही केरा. माझ्या वर्गातल्या लीनाची आई दर वाक्यात म्हणते, माझी मुलगी, माझी मुलगी. मी सहावीपासून मोजते आहे."

मी म्हटलं, असं काही नाही.

"मग आता म्हण."

चमचे हातात घेऊन मी उभी राहिले. तिने वाट पाहिली. मग मशीनचं दार लावलं आणि गेली.

खरं आहे. अन्वीला मी नऊ दिवस "माझी, माझी" म्हणत होते, त्या पेटीच्या काचेवर बोट ठेवून. त्यानंतर तो शब्द तोंडातून काढला नाही. कोणी ऐकेल म्हणून. केरा परक्याची आहे, आम्ही नुसती सांभाळतो — असंच सतरा वर्षं ठेवलं मनात. ताप आला तरी, सायकलवरून पडून हनुवटी फुटली तरी. शिकलेली बाई मी. हे हृषिकेशलासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

तिला मरणापासून लपवायचं होतं. ती माझ्यापासून लपल्यासारखी वाढली.

१४ फेब्रुवारी

फॉर्म टेबलावर तसाच. पेन्सिलीवरून तिने आता पेन फिरवलंय.

१५ फेब्रुवारी, रविवार

सासूबाईंना फोन केला. वाटलं होतं, नाव बदलायला त्या कडाडून विरोध करतील. म्हणजे मला सही करावी लागणार नाही. त्यांच्यावर ढकलून मोकळी.

"बदलू दे की," त्या म्हणाल्या. "नाव राखणीला ठेवलेलं असतं गं. माझ्या आजीचं लग्नात बदललंच ना, ताटात तांदूळ पसरून त्यात रमा लिहिलं. सासरी रमा, माहेरी केरा. काही झालं नाही तिला."

"मग माझी भीती..."

"तुझं वेगळं आहे. तिच्या आईनं तिला आधी परत घेतलं होतं. तुमचं राहिलंय ते. मीच नको म्हटलं तेव्हा, बाळंतिणीपुढे काय हट्ट करायचा म्हणून. चुकलंच माझं." पुढे म्हणाल्या, "नाव सोडायच्या आधी पोर मागून आण. तू स्वतः जा. हृषीला पाठवू नकोस."

"आई, त्या हसतील मला."

"हसू देत. देणार नाहीत म्हणाल्या तर?"

कुंदा मागे भांडी घासत होती, तो आवाज ऐकत राहिले.

१६ फेब्रुवारी

परत घेतली की ती माझी. आणि माझं म्हटलेलं काय होतं ते मी एकदा पाहिलंय.

दिवसभर एक ओळ लिहिली नाही.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सही केली. क्लारा.

केरा कोट घालत होती. फॉर्मकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "खरंच?" मी मान हलवली. "फ्राऊ ह्युबनर म्हणतात, या वयात मी नवीन नाव शिकणार नाही," ती म्हणाली आणि शाळेत गेली.

रुमालात मूठभर तांदूळ बांधलेत. दहा वाजता त्या दार उघडून पेपर आत घेतात, तेव्हा खाली जाणार. काय म्हणायचं ते जर्मनमध्ये तीनदा म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा अर्ध्यावर सोडलं. शेवटी मराठीत म्हटलं, मोठ्याने, रिकाम्या घरात — ही माझी मुलगी आहे. मला परत द्या.

त्या नाही म्हणतील. तरी मागणार.