शंकुएट्टनच्या कानामागचा आवाज

२ फेब्रुवारी
आज पुन्हा ऐकला. आमचे हे, शंकुएट्टन, दुपारचे झोपले होते. शेजारी आडवी झाले तर माझा कान त्यांच्या डाव्या कानामागे टेकला. सूं-सूं-सूं, छातीच्या ठोक्याबरोबर. मलाही ऐकू येतो, म्हणजे भास नव्हे!
उठल्यावर सांगितलं, तर म्हणे, "चेंड्यासारखा ढोल बडवणाऱ्याचे कान वाजणारच. न वाजले तर त्याने जन्मभर केलं काय?" त्यांच्या मेळातल्या सगळ्या वादकांचं हेच मत.
"पण मला ऐकू येतो, त्याचं काय?"
"तुझे कान तिखट. तुला शेजारच्यांची भांडणंही ऐकू येतात."

९ फेब्रुवारी
शेवटी त्रिशूरला नेलं. ओढूनच. डॉ. शीबांनी कानामागे स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचं हसू मावळलं. मग तपासण्या. मेंदूच्या आवरणात एक धमनी थेट शिरेला जाऊन मिळालीय. जोराचं रक्त नाजूक शिरेत घुसतं, त्याचा तो आवाज. शीर फुटली तर — पुढचं लिहवत नाही. डोकं उघडायला नको म्हणाल्या. मांडीतून बारीक नळी वर न्यायची आणि तो जोड डिंकासारख्या औषधाने बुजवायचा. याच आठवड्यात.
"पूरमची जत्रा झाल्यावर," एट्टन म्हणाले.
यंदा मेळाचे गुरू, आशान, त्यांना आपल्या उजव्या हाताला उभं करणार आहेत. त्या जागेसाठी डोक्याचे केस पिकले. मला कळतं ते. म्हणूनच जास्त राग येतो.

१० फेब्रुवारी
भांडले. सांबार करपलं. दोघांनी मुकाट्याने खाल्लं.

१५ फेब्रुवारी
देवळात एट्टनच्या नावाने, जन्मनक्षत्र सांगून, नवसाचे बार उडवले. बारवाल्याने विचारलं, "चेची, मागणं काय?" म्हटलं, एक आवाज बंद होऊ दे. हसत सुटला मेला.

२३ फेब्रुवारी
आवाज नाही! पुन्हा पुन्हा कान लावला. काहीच नाही. देवी पावली! एट्टन म्हणाले, "डॉक्टरणीला सांग, तुमचा डिंक ठेवा तुमच्याकडे." पायसम केलं. ढवळता ढवळता रडले. त्यांचं डोकं जरा दुखतंय. उन्हातल्या तालमीने असेल.

२४ फेब्रुवारी
इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितेय.
एट्टन पूरमला गेल्यावर डॉक्टरांना फोन केला, पूरमनंतर ठरलेलं नळीचं रद्द करा म्हणून सांगायला. त्या म्हणाल्या, "आवाज आपोआप थांबला? आणि डोकं दुखतंय? चेची, रक्ताची बाहेरची वाट बंद झाली असणार. आता ते उलटं मेंदूकडे जातंय. आत्ताच्या आत्ता आणा. खांद्यावर चेंड्याचं वजन नको."
मेळ सुरू झाला होता. त्यात फोन कोणाला ऐकू येणार? धावत गेले. वादकांच्या रांगेपुढून कोणी जात नाही, बाई तर नाहीच. मी गेले. त्यांचा काठीचा हात धरला. आशानांचा हात थांबला नाही, नजरेने मात्र जाळलं मला.
"माझं नाक कापलंस, दाक्षायणी."
"कापलं. चला."
माझ्यासाठी आले, की तोल जात होता म्हणून, कोण जाणे. उद्या सकाळी नळी.

२८ फेब्रुवारी
जोड बुजला. शीर फुगली होती. डॉक्टर म्हणाल्या, मेळ संपेपर्यंत टिकली नसती. एट्टन माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. आज मी समोर बसलेली असताना नर्सला म्हणाले, "हिला सांगा, कांजीत मीठ नाही."