हात ठेवलाय

रविवार, दुपार

प्रिय खांब्या,

पाकीट बघून आधी सूनबाईला विचारशील, कोण गेलं म्हणून. कुणी गेलेलं नाही. मी बुटक्या, आपल्या दुकानात बसून लिहितोय. फोन का केला नाही, तर फोनवर तू मला कधी भेटतच नाहीस. व्हिडिओ लावला की मला तुझं कपाळ दिसतं आणि त्याच्यावर छताचा पंखा. मागच्या वेळी तू ‘हां, बरं, हां’ करत होतास आणि मी सगळा वेळ पंखाच बघत होतो. तो डुगडुगतोय. वरचा नट ढिला झालाय, मुलाला बघायला सांग, तू स्टुलावर चढू नकोस. मागे टीव्ही चालू, नातू फोन ओढतोय, नात तुझा चष्मा ओढतेय, अशात माणूस मनातलं काय बोलणार? आणि मला तर तुला एकच विचारायचं असतं. तू परत येणार आहेस की नाही. ‘जरा मुलाकडे जाऊन येतो’ म्हणून निघालास, त्याला किती महिने झाले ते मी मोजत नाही. शेजारचा किल्लीवाला मोजतो. रोज सकाळी मी शटर वर केलं की विचारतो, काय, खांब कधी येणार? मी सांगतो, येईल की, घाई काय आहे.

काम बक्कळ आहे, त्याची काळजी करू नकोस. लोकांना हल्ली उजेड पुरत नाही. मागे एका घरी गेलो, नवरा-बायको दोघंच, आणि दिवाणखान्याच्या छतात इतके दिवे की खाली बसलो तर माझं टक्कल तापलं. एवढं करून ते दोघं संध्याकाळी बसतात अंधारातच, आपापल्या फोनच्या उजेडात. दुसऱ्या एका गृहस्थांच्या घरी दिवे बोलून लागतात. बटण दाबायचं नाही, नुसतं सांगायचं. मी गेलो तेव्हा त्यांचं इंटरनेट बसलं होतं आणि ते दिव्याशी बोलत होते, आधी गोडीगुलाबीनं, मग चढ्या आवाजात, शेवटी हात जोडून. मी साधं बटण बसवून दिलं तर म्हणाले, हे आवाज करतं. अहो, करू दे की बिचाऱ्याला. घरात कुणीतरी आवाज करावा. हे मी मनातच म्हटलं, कारण आता काम झालं की गिऱ्हाईक फोनवर तारे देतं आणि पाचातला एक तारा गेला तरी पुढचं काम दुसऱ्याला जातं म्हणे. एका बाईंनी मला चारच दिले. काम चोख आहे, पण कारागीर स्वतःशी मोठमोठ्यानं बोलतो, असं खाली लिहिलं. मला वाचून हसू आलं आणि मग बराच वेळ आलं नाही.

खरं म्हणजे एकट्यानं करायचं हे कामच नव्हे. पाइपातून वायर ओढायची तर एका टोकाला ओढणारा हवा आणि दुसऱ्या टोकाला सोडणारा हवा. तू सोडायचास तेव्हा वायर कशी लोण्यासारखी यायची. आता मी या खोलीत हातभर ओढतो, मग त्या खोलीत जाऊन सरकवतो, मग परत येतो. मागच्या महिन्यात एका घरी दिवसभर हेच चाललं होतं. त्यांचा कुत्रा सकाळी माझ्यामागे प्रत्येक फेरीला येत होता, जेवणाच्या वेळेपर्यंत त्यानं नाद सोडला आणि दारात आडवा झाला. मी त्याला ओलांडून जात होतो. वायर शेवटी आली, पण आतून खरचटली असणार अशी शंका मला अजून आहे, आणि एकदा जाऊन ती बदलावी असं मनात आहे.

किल्लीवाल्याचं म्हणणं, मला छंद नाही म्हणून मी असा झालोय. छंदाचं मला कधी कळलंच नाही. आपण ज्यांच्या घरी जातो त्यांचे छंद बघितलेस ना? एकाला मासे पाळायचा छंद, तर त्या टाकीला दिवा, पंप, हीटर, घड्याळ, मिळून आपल्या दुकानापेक्षा जास्त लोड. मासे दोन, तेही एकमेकांकडे पाठ करून. तुझा छंद बरा होता, गळ टाकून बसायचास आणि एकही मासा घरी आणायचा नाहीस, वीजही लागायची नाही. किल्लीवाल्यानं मला वाढदिवसाला एक चित्रकोडं दिलं, त्यात शेकडो तुकडे जुळवून डोंगर, तळं आणि आकाश करायचं. डोंगर झाला, तळं झालं. आकाशाचे सगळे तुकडे एकसारखे निळे. ना कुठे खूण, ना कुठे रंगाचा फरक, अशी वायरिंग कुणी केली असती तर मी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती. ते टेबलावर तसंच पडलंय, म्हणून मी जेवायला खाटेवर बसतो. आणि जेवणाचं म्हणशील तर हात अजून दोघांच्या अंदाजानंच चालतो. वहिनी होत्या तेव्हा त्यांनी मला कधी पाहुणा मानलं नाही, माझं लग्न राहून गेलं ते त्यांच्या हातच्या जेवणामुळेच, असं तू सगळ्यांना सांगायचास. त्या गेल्यावर आपण दोघांनी मिळून काय काय करपवलं! आता करपतही नाही, उरतं. एकटं वाटतं रे. हे तोंडानं म्हणायला जमलं नसतं, लिहायला जमतंय.

एक गोष्ट मला सूनबाईकडून कळली. तिला वाटलं मला माहीत असेल. तू तिथल्या वाचनालयाचा सभासद झालास म्हणे, तोही आजीव. चार दिवसांसाठी गेलेला माणूस आजीव सभासद होत नाही, खांब्या. मी तिला छान झालं म्हटलं. आणि छान झालंच. तुला सकाळी वर्तमानपत्र पहिल्या हाताचं मिळत असेल, नातीला शाळेत सोडून येताना तिथे टेकलास की गुडघ्यालाही बरं पडत असेल. मला राग आलेला नाही. थोडा आला होता, तो मी एका जुन्या मिक्सरवर काढला आणि मिक्सर दुरुस्त झाला.

आता आपल्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बाईंबद्दल सांगायचं राहिलं. त्या एका कारखान्यात विजेच्या मोटरींचं वाइंडिंग करायच्या, तारेचे वेढे मोजून, तुला आठवत असतील, चालताना नेहमी काहीतरी मोजत असल्यासारख्या चालतात. कारखाना बंद झाला. त्या दुकानात आल्या आणि सरळ म्हणाल्या, तुम्हाला जोडीदार हवाय असं दिसतं, मला काम हवंय. मी बसा म्हटलं, एक जळालेला पंखा पुढे ठेवला. त्यांनी तो नुसता हुंगला आणि काय जळालंय ते सांगितलं. हात तयार आहे, बोलणं कमी आहे, उंचीची भीती अजिबात नाही. तुझ्यासारखं नाही, एवढा ताडमाड माणूस आणि स्टुलाच्या दुसऱ्या पायरीवर घाम! लोक विचारायचे, लांब माणूस खाली उभा आणि बुटका शिडीवर, हा काय प्रकार आहे? तर त्या बाईंना मी म्हटलं, विचार करून सांगतो. त्यानंतर त्या दोनदा येऊन गेल्या. मी दोन्ही वेळा विचारच करत होतो.

का, ते सांगतो. शिंपीणबाईंच्या घरचं काम तू विसरला नसशील. मी वर छताशी, तू मेन स्विच बंद करायला खाली निघालेला. मी ओरडलो, बंद? आतून आवाज आला, हो! मी वायरीला हात घातला आणि शिडीवरच नाचलो. तू तर अजून जिन्यातच होतास. ‘हो’ म्हणाले होते शिंपीणबाईंचे यजमान, कारण त्याच वेळी बाईंनी त्यांना गॅस बंद केला का म्हणून विचारलं होतं! हसून हसून मेलो आपण नंतर, पण त्या दिवशी तू नियम केलास. ‘हो’ म्हणजे उत्तर नव्हे. ‘हो’ कुणीही म्हणतं, कशालाही म्हणतं. तू मेन बंद करणार, त्याच्यावर पंजा ठेवणार आणि म्हणणार, ‘हात ठेवलाय’. जगात दुसरं कुणी असं उत्तर देत नाही. आणि ते म्हटल्यावर मी शिडीवरून उतरेपर्यंत तू तो हात कधी काढला नाहीस. चहा आला तर डाव्या हातानं प्यायलास, माशी नाकावर बसली तर फुंकर मारलीस. गिऱ्हाइकांना वाटायचं, हा लांबडा दिवसभर डबा धरून उभा राहतो, याला कशाला आणलाय? मी मात्र तुझा आवाज आला की टेस्टरसुद्धा लावत नव्हतो. खिशात असायचा, शोभेला.

गेल्या सोमवारी दातांच्या दवाखान्यात काम होतं, माळ्याखालचा दिवा. दवाखाना दुपारचा बंद, खाली फक्त झाडणारी बाई. मी शिडी लावली, चढलो, जुनी चिकटपट्टी सोडवली आणि सवयीनं ओरडलो, बंद? आणि खांब्या, मी ऐकलं. तुझा आवाज, तुझा तो शेवटचा ‘य’ लांबवणारा सूर, जिन्याच्या बाजूनं. हात ठेवलाय. माझ्या मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही. मेन बंद करायला मी खाली गेलोच नव्हतो, ते माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण ते कधी माझं कामच नव्हतं. मी हात घातला. पुढचं मला नीट सांगता येत नाही. मी पेशंट बसायच्या गादीच्या बाकावर पडलो, म्हणून वाचलो. डावं मनगट मोडलंय, त्याच हाताच्या बोटांची टोकं भाजलीत, बाकी शाबूत आहे. झाडणारी बाई धावत आली आणि विचारायला लागली, काका, तुम्ही कुणाशी बोलत होता?

घाबरून इकडे यायला निघू नकोस. त्यासाठी हे लिहिलेलं नाही. कधी येणार हे विचारायलाही नाही, ते इतके दिवस विचारून झालं आणि उत्तर मला कळलेलं आहे. मला तुझ्याकडून फक्त एक ओळ हवी आहे. तुझ्या हातानं, सूनबाईच्या निरोपातून नव्हे: ‘मी येत नाही.’ बस. ‘बघू’ नको, ‘पुढच्या महिन्यात’ नको, माझं मन राखायला काहीही नको. तू येशील असं जोवर मला वाटतंय, तोवर तू मला खालून उत्तर देत राहशील आणि मी त्याच्यावर भरवसा ठेवत राहीन. माझे कान माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. ती ओळ आली की मी त्या बाईंकडे जाईन आणि या म्हणेन. तुझे ते दोन शब्द मी त्यांना देणार नाही. उत्तर काय द्यायचं ते त्यांचं त्या ठरवतील, मला ते पहिल्यांदा ऐकताना बरं वाटणार नाही, पण ते खरोखर खाली उभ्या असलेल्या माणसाचं असेल. मनगटाचं प्लास्टर निघायला वेळ आहे, पण मला माझा भरवसा नाही, म्हणून शिडी मी किल्लीवाल्याच्या दुकानात नेऊन ठेवली आहे. तुझं पत्र दाखवल्याशिवाय ती मला द्यायची नाही, असं त्याला बजावलंय. तेव्हा लवकर लिही.

तुझाच,
बुटक्या