चौथ्या फळीवरच्या मोटारी

बाबा, तुमच्या मोटारी फुटल्या. सगळ्या नाही. लाकडाच्या, पत्र्याच्या आणि शिशाच्या तुम्ही ठेवल्या होत्या तशाच आहेत; चौथ्या फळीवरच्या तिन्ही मात्र गेल्या. तुम्ही गेल्यापासून नऊ वर्षं त्या कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली आईच्या कमरेला. परवा मला पाहायला पाहुणे यायचे होते, म्हणून धूळ पुसायला मी कपाट उघडलं. एका मोटारीचं छत वाकून वर आलं होतं, दुसरीच्या दारांवर केसासारख्या भेगा होत्या आणि तिसरीचा पुढचा भाग फळीवर करडा भुगा होऊन पडला होता. कुणीही हात लावलेला नाही. हे वाक्य तुम्ही दोनदा वाचावं असं मला वाटतं.

तुम्ही मेहकरच्या मोटार-स्टँडवर तिकिटं द्यायचात, आणि खामगावहून, नागपूरहून येणारे ड्रायव्हर तुमच्यासाठी बोटाएवढ्या विलायती मोटारी आणायचे. ते हसायचेही. "बाबू, दिवसभर मोटारी पाहून मन भरत नाही काय तुमचं?" तुम्ही त्या रंगानं लावत नव्हतात, आकारानंही नाही; कशाच्या केल्या आहेत, त्यावरून फळी ठरायची. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या तिकिटांच्या पाठीवर, आणि पहिलं शास्त्र शिकले ते त्या कपाटापाशी. पत्र्याला लोहचुंबक चिकटतं. शिसं कागदावर घासलं की करडी रेघ उठते. चौथ्या फळीवर तेव्हा एकच हिरवी मोटार होती. तिला चुंबक चिकटेना आणि तिची रेघही उठेना. ती कशाची, असं मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "लिहून ठेव, माहीत नाही. माहीत नाही हेबी उत्तरच होय." ते मला किती आवडलं होतं!

मी नऊ वर्षांची असताना एका सकाळी त्या हिरव्या मोटारीचं मडगार्ड तुटून खाली पडलेलं दिसलं. तुम्ही मला हाक मारता. "कशी पडली?" मी म्हणते, "मले माहीत नाही." त्या दिवशी मात्र ते उत्तर तुम्हाला चालत नाही. "धातू का आपोआप फुटते वं? खरं सांगशील तव्हाच बोलू." तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. तीन दिवस तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत आणि ताटावरून अर्धपोटी उठत राहिलात. तिसऱ्या दिवशी आई भाकरी थापता थापता मला म्हणाली, "म्हण ना वं एकडाव, माह्या हातून पडली म्हणून. जेवतीन तरी ते सुखानं." मी तुमच्या ताटासमोर उभी राहिले आणि म्हटलं. तुम्ही हातातला घास खाली ठेवलात, मला जवळ ओढलंत आणि कपाटातली लाल पत्र्याची लॉरी काढून माझ्या हातात दिलीत. "खरं बोलाले हिंमत लागते," असं शेजाऱ्यांनाही ऐकवलंत. तुमच्याशी मी ठरवून बोललेलं ते पहिलं खोटं, आणि त्याचं मला बक्षीस मिळालं. दोन वर्षांनी मुदतीच्या तापात तुम्ही गेलात. तोवर मी रोज सांगायचं ठरवत होते.

परवा आईनं पाहुण्यांना तीच, मी खरं बोलल्याची गोष्ट सांगितली. ती सगळ्यांनाच सांगते. मुलाचे वडील उंद्रीला शाळामास्तर आहेत, त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बस, अशीच सून पाहिजे आमाले." मी मान खाली घालून बसले होते, आणि शेजारच्याच खोलीत तो भुगा पडला होता. काल सकाळी कल्हईवाले चाचा गल्लीत आले तेव्हा त्यातला एक तुकडा मी त्यांना दाखवला. त्यांनी तो नखानं मोडला. "जस्त होय बेटी. यात शिसं गेलं असन. दिसाले चांगलं, आतून भुगा." मी विचारलं, "कोनं पाडलं नाही?" ते हसले. "कोन कायले पाडन? वतलं तव्हाच बिघडलं हे."

मी तशीच आईकडे गेले आणि पाहुण्यांना खरं सांगते म्हणाले. ती म्हणाली, "मंग? फुटक्या मोटारीपायी सोयरीक मोडतं काय तू?"

"पण मी खोटं बोलली होती ना, आई."

"म्याच सांगतलं होतं. ते माह्या नावावर लाव अन् चूप राह्य."

मला तुमचा राग येतो, बाबा. प्रत्येक मोटार तुम्ही नखानं खरवडून पाहायचात. ते मडगार्ड तुमच्याच हातात होतं, एकदा मोडून पाहायचं होतं. तुम्ही त्याची परीक्षा घेतली नाहीत, माझी घेतलीत. आणि त्यानंतरही त्याच धातूच्या आणखी दोन मोटारी आणून त्याच फळीवर लावल्यात. आता सोयरीक पक्की करायला, साक्षगंधाला उंद्रीचे लोक येतील तेव्हा मी त्या मास्तरांना सगळं सांगणार आहे. त्यांना अशीच सून हवी असेल तर ऐकतील, नसेल तर परत जातील. कसं सांगायचं ते जुळवायला म्हणून मी हे लिहायला बसले. सुरुवात केली: मी त्या मोटारीला हातही लावला नव्हता. हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून लिहिते. मडगार्ड पडलेलं दिसलं त्याच्या आदल्या दुपारी तुम्ही स्टँडवर होतात आणि आई विहिरीवर गेली होती. जोर लावला तर रेघ उठते का ते पाहायला मी हिरवी मोटार काढली होती. मडगार्डाकडून कागदावर दाबली. रेघ उठली नाही. मग घाईघाईत परत ठेवली. ठेवताना ती धड होती, असं मी इतकी वर्षं धरून चालले आहे. पण मी नीट पाहिलं नव्हतं.