सात वाजताचं ठाम हवामान

सोमवार, ११ नोव्हेंबर. सकाळी.

आजपासून संकल्प. 'शक्यता' हा शब्द माझ्या तोंडून रेडिओवर जाणार नाही. इतकी वर्षं मी संध्याकाळी सातचं प्रादेशिक हवामान वाचतोय आणि इतकी वर्षं हवामान कचेरी हा शब्द माझ्या तोंडात कोंबतेय. पावसाची शक्यता. धुक्याची शक्यता. अरे, येणार की नाही ते बोला! जगातली एकही क्रांती 'बहुधा' म्हणून झालेली नाही. लोकांना टक्के नको असतात, शब्द हवा असतो.

संध्याकाळी.

कचेरीचा कागद आला. उत्तरेकडून थंड हवेचा पट्टा सरकतोय. गुरुवारी रात्री उघड्यावर दव गोठण्याची (तोच शब्द) चाळीस टक्के. चाळीस म्हणजे निम्म्याहून कमी. निम्म्याहून कमी मतं मिळालेला उमेदवार पडतो. पट्टा पडला.

वाचलं: "गुरुवारी दव गोठणार नाही. निश्चिंत राहा." 'निश्चिंत'च्या आधी किंचित थांबलो. स्टुडिओत शांतता पसरली. स्टुडिओत माझ्याशिवाय फक्त साउंडवाला होता, तो मफलर गुंडाळत होता. नोव्हेंबर लागला की याच्या गळ्यात मफलर. त्याला मी मफलरच म्हणतो. हा माझ्या वाचनावरचा मूक अविश्वास आहे.

मंगळवार, १२.

ताईचा फोन. माझी थोरली बहीण. गावाबाहेर तिची शेवंती आहे, उघड्या शेतात. आठ-दहा दिवसांत तोडणी. कापड टाकून झाकली तर वजनानं कळ्या मोडतात, देठ वाकतात, निम्मा माल बाद. न झाकता दव गोठलं तर सगळाच बाद. या फुलांच्या पैशांवर काचघर उभं करायचं तिचं ठरलंय. ते झालं नाही तर भावोजी जमीन मालकाला परत देऊन शीतगृहात नोकरी धरणार. नोकरी बघूनही ठेवलीय म्हणे.

भावोजी झाकू म्हणतायत. ताईनं त्यांना सांगितलं, माझा भाऊ काल रेडिओवर नाही म्हणालाय. त्यावर भावोजी म्हणाले, मेहुण्यांचा आवाज चांगला आहे, पण आवाज काही रोपांवर पांघरता येत नाही.

खवचट माणूस. वाचन शून्य.

ताईला म्हणालो, ऐकलंस ना? मग झालं. ती म्हणाली, ऐकलं की. मी एक दिवस चुकवत नाही.

हजारो घरांतून असंच होत असणार. जबाबदारीनं ऊर भरून येतो. नवा संकल्प: शुक्रवारपर्यंत स्वेटर घालायचा नाही. नेत्यानं आधी स्वतः निश्चिंत दिसलं पाहिजे.

बुधवार, १३. दुपारी.

नवा कागद. साठ टक्के! परवा चाळीस, आज साठ. असल्या चंचल माणसांच्या हाती जनतेचं भवितव्य? कचेरीतल्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, पट्टा वेग घेतोय, सर, कृपया जसं लिहिलंय तसंच वाचा. मी त्यांना ठामपणाचं समाजातलं स्थान समजावून सांगितलं. बरंच खोलात गेलो. शेवटी त्या म्हणाल्या, सर, तुमचं झालं असेल तर मला पुढचा नकाशा काढायचाय.

नकाशा! हे लोक रेघा ओढतात आणि त्याला आभाळ म्हणतात.

संध्याकाळी.

शब्द एकदा दिला की दिला. "आधी सांगितल्याप्रमाणे दव गोठणार नाही." वाचताना दोनदा शिंकलो. परागकण. बायको म्हणाली, अहो, नोव्हेंबरात कसले आलेत परागकण, झाडांवर पान उरलं नाही. स्वेटर घाला. मी म्हणालो, तो श्रोत्यांचा विश्वासघात होईल. ती म्हणाली, अहो, रेडिओ आहे तो. तुम्ही लुगडं नेसून बसलात तरी कुणाला दिसणार आहे?

तत्त्वाची भाषा घरात चालत नाही.

गुरुवार, १४. सकाळी.

नाक बंद. हातपाय गार. मन मात्र पेटलेलं.

दुपारी.

ऐंशी टक्के.

लगोलग ताईचा फोन. शेजारच्या दोन्ही शेतांत कापडं पडतायत. भावोजींनी गठ्ठे बांधावर आणून ठेवलेत, मजूर बोलावलेत. ताई म्हणाली, नक्की ना रे? तू म्हणशील तसं करते. एकदा सांग फक्त.

फोन या कानावरून त्या कानावर घेतला. सर्दीनं कान दडले असतील.

म्हणता आलं असतं, ताई, झाक. कुणाला कळलंही नसतं. पण मग मी कोण झालो? जनतेला एक आणि बहिणीला एक सांगणारा वक्ता नव्हे, दलाल! घराणेशाहीविरुद्ध मी तरुणपणापासून बोलतोय. ती माझ्याच घरातून सुरू करू?

म्हणालो, नक्की.

ताई म्हणाली, सुटले बाई. मग फोन न ठेवताच ओरडली, अहो, गठ्ठे न्या परत! मागून भावोजींचा आवाज आला, पण शब्द कळले नाहीत. बरंच झालं.

संध्याकाळी.

वाचलं. एका अक्षराची माघार नाही. स्टुडिओच्या काचेवर वाफ धरली होती. मफलरनं आज दोन मफलर गुंडाळले होते. बाहेर पडताना म्हणाला, साहेब, घरी लवकर जा. मी म्हणालो, हवा उत्तम आहे. बोलताना तोंडातून धूर निघाला.

शुक्रवार, १५. सकाळी.

गाडीच्या काचेवर पांढरा थर. धुकं असावं. पट्टीनं खरवडावं लागलं.

ताईचा फोन नाही. भावोजींचा आला. म्हणाले, मेहुणे, सगळं काळं पडलं. मी कचेरीच्या बेजबाबदारपणाबद्दल सुरुवात केली. ते म्हणाले, ठेवतो.

दुपारी.

आता उद्रेक होणार. रेडिओ ऐकून निश्चिंत राहिलेले शेतकरी, माळी, बागवाले आज केंद्रावर चालून येतील. येऊ देत. ऑपरेटरबाईंना सांगितलं, एकही फोन अडवायचा नाही, सगळे मला जोडा. निवेदन लिहायला घेतलं. तीन पानं झाली. त्यात पराभव आणि पराजय यांतला फरक मांडलाय. सत्याची कास धरणाऱ्यांना दगड खावेच लागतात. (सत्य इथे व्यापक अर्थानं.)

बायकोला म्हणालो, खिडक्या लावून घे. ती म्हणाली, थंडी आहे, लावलेल्याच आहेत.

संध्याकाळी.

एकही फोन नाही. वादळापूर्वीची शांतता.

शनिवार, १६.

सकाळपासून एक फोन. हवामानाच्या आधी लागतं ते गाणं कोणतं, असं एका बाईंनी विचारलं.

अस्वस्थ होऊन बाजारात गेलो. वाटलं होतं, फुलांचे गाळे ओस पडले असतील. तर शेवंतीचे ढीग. पिवळी, पांढरी, जांभळट. देठ थोडे वाकलेले, एवढंच. फुलवाला म्हणाला, गुरुवारी दुपारीच सगळ्यांनी झाकून घेतलं की. दोन दिवस सगळ्यांचे मोबाईल हवामानाच्या इशाऱ्यांनी बोंबलत होते. एका बाईंचंच गेलं म्हणतात, का कोण जाणे.

मी सहज म्हणून विचारलं, पण रेडिओवर तर दव गोठणार नाही असं सांगितलं होतं ना?

तो म्हणाला, रेडिओवर हवामान असतं?

दुपारी केंद्रप्रमुखांनी बोलावलं. म्हणाले, एवढी मोठी चूक, आणि एक तक्रार नाही. याचा अर्थ कळतो ना तुम्हाला? मी म्हणालो, आपले श्रोते क्षमाशील आहेत. त्यांनी पेन उचलून वेळापत्रकातली माझी ओळ खोडली. सोमवारपासून सात वाजता गाणी.

रविवार, १७.

स्वेटर घालून ताईकडे गेलो. निवेदन खिशात होतं.

दोन्ही बाजूंना फुललेली शेतं आणि मधे ताईचं. पानं चहाच्या चोथ्यासारखी, काळी, लोंबती. ती एकेक झुडूप कापून ढीग करत होती. मला बघून म्हणाली, ये रे, सर्दी झालीय का तुला? शेजारणीशी तिचं भांडण झालंय. शेजारीण माझ्याबद्दल काहीतरी बोलली म्हणे. ताईनं तिला सुनावलं, माझा भाऊ काय मनाचं वाचतो का? कचेरीनंच चुकीचं लिहून दिलं असणार.

माझ्याकडे बघून म्हणाली, हो ना रे?

नाक पुसायचं होतं. पुसलं.

मग म्हणाली, हे उद्या नोकरीवर रुजू होतो म्हणतायत. आजच मुळं उपटून जमीन मोकळी करून देतो म्हणतायत. पण मुळं जिवंत असतील तर वसंतात पुन्हा फुटते रे शेवंती. एक हंगाम कसाही काढला असता. जिवंत असतील का? तू सांग.

भावोजी पलीकडे कुदळ घेऊन उभे होते. ऐकत होते. कचेरीतल्या बाईंना विचारता आलं असतं. कुणा जाणत्या माळ्याला विचारता आलं असतं. नुसतं वाकून बघता आलं असतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. जगात तेवढी एकच बाई तसं बघते, हे मला कालच कळलं होतं.

म्हणालो, फुटणार. नक्की.

तिचा चेहरा उजळला. तिनं वळून हाक मारली, अहो, ठेवा ती कुदळ! हा म्हणतोय, फुटणार!

भावोजींनी कुदळ खाली ठेवली.

मुळं मी पाहिलेली नाहीत.