तपासले, चालू आहे

३ जून
ती. ताईस, सा. न.
बोटीवर फोन लागत नाही, म्हणून हा कागद. फिटचा झटका आला की आईची दातखीळ बसते, गोळी आत जात नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेला फवारा बंदरावर मिळाला, तो सोबत पाठवतोय. झटका आला की एका नाकपुडीत घालून दाबायचा, बस्स. उशाशीच ठेव.
लोभ आहेच, दोन ओळींनी वाढव.
ठेंगू

१६ जून
चि. ठेंगूस, आशीर्वाद (उंची वाढो).
फवारा पोचला. आप्पांचा जन्म पंखे नि मिक्सर दुरुस्त करण्यात गेला. चालवून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला वस्तू दिली नाही, बायकोला कशी देतील? खिडकीशी उभं राहून एकदा दाबून बघितला. धुकं छान उडालं. मग खोक्यावर लिहिलं, ‘तपासले, चालू आहे.’ आई म्हणाली, लग्नाआधी मीच यांना असं तपासून घ्यायला हवं होतं. आप्पा दिवसभर फुगलेले.
माया असू दे, पत्रांचा आळस नको.
ताई

२७ जून
ताई,
नमस्कार राहू दे. त्या फवाऱ्यात औषध एकदाच दाबण्यापुरतं असतं! आप्पांनी खिडकीत उडवलं तेवढंच. लिहायला मीच विसरलो, गाढव मी. आजच्या आज दुसरा आण.
ठेंगू

८ जुलै
चि. ठेंगूस,
तुझं पत्र आज मिळालं. आई परवा गेली. तुझ्या बोटीच्या कंपनीत ठेवलेला निरोप तुला एव्हाना मिळाला असेल. झटका थांबेचना. दवाखान्याची गाडी येईपर्यंत आप्पा फवारा दाबतच होते. आता स्वतःच्या हाताकडे बघत बसतात, म्हणतात, हात थरथरला, फवारा नाकात नीट बसला नाही. तुझं पत्र मी फाडून टाकलं. त्यांना दुसरं लिही, की औषधानंही आई वाचली नसती. खोटं बोलणं तुला कधी जमलं नाही, या वेळी जमव.
ताई

१९ जुलै
ती. आप्पांच्या चरणी,
बोटीवरच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, एवढा मोठा झटका कुठल्याच फवाऱ्यानं आवरला नसता. तुमचा हात चुकला नाही. जेवत जा.
आपला ठेंगू

३० जुलै
चि. ठेंगूस, आशीर्वाद.
डॉक्टरांना माझा नमस्कार सांग. खोक्यातला कागद मी तुझी आई गेली त्याच दिवशी भिंग लावून वाचला. आधी दाबून पाहू नये, असं ठळक अक्षरांत आहे. ताईला बोललो नाही. मला कळू नये म्हणून पोरगी जिवाचं रान करते आहे. तुझं पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.
असंच लिहीत जा.
आप्पा