गाडीच्या कपाळावरची ओळ

मायामी,
२ मार्च १९९८

ति. द्येसलमामांस, इस्लांदचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे बोलतात, ती फारशी बोलत नाही, एवढेच.

आमच्या हैतियन मंडळाच्या सभागृहात १८ मेला, झेंड्याच्या दिवशी, एक टॅपटॅप उभी करतो आहोत. इथे जन्मलेल्या पोरांना फक्त पिवळी स्कूलबस माहीत. फुलापानांनी, संतांनी रंगवलेली आपल्याकडची प्रवासी गाडी त्यांनी पाहिलेलीच नाही. भंगारातून एक पिकअप मिळाली, रंगवण्याचे काम माझ्याकडे आले. तुमच्या गाडीसारखीच करायची असे मी ठरवून टाकले. आईला दारावरच्या जास्वंदीच्या पाकळ्यासुद्धा आठवतात, पण काचेच्या वर, कपाळावर, काय लिहिले होते ते म्हणे आठवत नाही. तेवढे कळवा. पत्र माझी मैत्रीण आणते आहे. उत्तर तिच्याच हाती द्या, तुमचा आळस मला ठाऊक आहे.

लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.
इस्लांद

लेओगान, हैती,
१५ मार्च

चि. इस्लांदला आशीर्वाद.

तुझ्या मैत्रिणीने दारात ठाण मांडून पत्र लिहून घेतले, पोलीस जबाब घेतात तसे. तुम्हा मायामीकरांना आठवण काढायलाही मंडळ लागते, याची गंमत वाटली.

गाडी केव्हाच मोडीत गेली. तिच्यावर लिहिले होते, ‘आई विचारते आहे’. अक्षरे लाल, कड पिवळी. चढताना बाया क्रूस करायच्या. मेरीमातेची गाडी असेच तिचे नाव पडले आणि मीही कुणाला हटकले नाही.

तुझ्या आईला माझा आशीर्वाद सांगायची गरज नाही. तू मात्र लोभ ठेव.
द्येसलमामा

मायामी,
१२ एप्रिल

ति. मामांस सा. न. वि. वि.

ओळ लिहिली, शेजारी निळ्या शालीतली मेरीमाता काढली. काल आई मंडळासाठी काळ्या अळंब्यांचा भात घेऊन आली. तिने वर पाहिले, पातेले तिथेच जमिनीवर ठेवले आणि चालत घरी गेली. त्या गुडघ्यांनी! अकरा वर्षे मंडळाचे स्वयंपाकघर तिच्या हातात आहे, आणि आता १८ तारखेला तिथे पाऊल ठेवणार नाही म्हणते. का, ते सांगत नाही. मंडळी म्हणतात ओळ पुसून टाक. मला ती पुसवत नाही, आणि आईशिवाय झेंड्याचा दिवसही नको आहे.

मामा, माझ्या हातून तुम्ही काय लिहून घेतलेत? लोभाचे काय ते तुमचे उत्तर आल्यावर बघू.
इस्लांद

मायामी,
१४ एप्रिल

श्री. द्येसल यांस न. वि. वि.

‘ति. दादा’ लिहायला हात उठत नाही. सतरा वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा मायना चालवून घे.

पोरीला मेरीमातेने फसवले, मला नाही. आपल्या गावात भांडण तोंडावर करत नाहीत. शेजाऱ्याला टोचायचे तर कुत्र्याचे नाव तसे ठेवतात. तू गाडीवर ती ओळ रंगवलीस, मी न सांगता बोटीत बसले त्याच महिन्यात. सांगितले असते तर आईने हात धरला असता आणि मी थांबले असते. इथे येऊन तीन आठवडे होत नाहीत तोच गावचा एक माणूस ती ओळ मला सांगून गेला. पोचावी म्हणूनच लिहिली होतीस, पोचली. आई गेल्याचे कळले तेव्हाही मला तीच ऐकू आली.

आता ती माझ्याच लेकीच्या हाताने माझ्या डोक्यावर आणलीस. म्हणून एकदाच विचारते. आई काय विचारायची? न सांगता का गेली, हेच ना? जे असेल ते लिही, गोड करू नकोस. सभागृहात जायचे की नाही ते त्यावर ठरवीन.

फिलोमीज

लेओगान,
२ मे

चि. फिलो, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र चार दिवस खिशात घेऊन हिंडलो. टोमणा होता, कबूल. तू निरोपही न घेता गेलीस आणि आईचे दुखणे माझ्या एकट्याच्या अंगावर पडले. राग आला होता, फार आला होता. इस्लांदपुढे गप्प राहिलो, तीही माझीच लबाडी.

पण का गेलीस, असे आईने कधीच विचारले नाही. बोट लागल्याचे कळले त्या दिवसापासून तिचा एकच प्रश्न असायचा. शेंगा सोलताना, प्रार्थनेहून परतताना, शेवटी मला ओळखेनाशी झाली तेव्हासुद्धा. तिकडे तिला कुणी फिलो म्हणते का, एवढेच.

ते लिहिले असते तर तुला टोचले नसते, म्हणून पहिलेच शब्द घेतले. आईला वाचता कुठे येत होते? गाडीवर काय लिहिलेस असे तिने विचारले तेव्हा मी सबंध वाक्य वाचून दाखवले. ती खूश झाली. प्रश्न गावोगाव फिरतो आहे, कधीतरी कुणी उत्तर आणील, असे तिला शेवटपर्यंत वाटत होते.

इस्लांदला म्हणावे, पुढचे लिही. त्या गाडीवर जागा असेल. माझ्या गाडीवरही होती.

तुझा
दादा