दुसऱ्या रायफलीचा बोल्ट

मी मॉरीन थेरेसा स्टानिच, माहेरची हॅनरटी, कै. लाइल स्टानिच यांची पत्नी, शाळेच्या बसची निवृत्त चालक, राहणार कॉपर फोर्क, मोंटाना. वय एकोणऐंशी. माझे डोके ठिकाणावर आहे. कुणाला शंका असेल तर त्याने आत्ताच समोर येऊन बोलावे, मी मेल्यावर बोलायला धैर्य लागत नाही. हे मी स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर दबाव आणण्याचा प्रयत्न आजवर दोन पाद्री, एक नवरा आणि सबंध नेमबाज मंडळ यांनी करून पाहिला आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी गरजेपेक्षा गोड लिहिले होते.

१. माझा अंत्यविधी आमच्या चर्चमध्ये साधेपणाने व्हावा. नेमबाज मंडळाने बंदुकांची सलामी देऊ नये. लाइलला दिली नाही, ती मलाही नको. मंडळाचे अध्यक्ष हार्लन प्रूएट यांनी भाषण करायला उभे राहू नये. राहिलेच, तर ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी लगेच वाजवायला सुरुवात करावी. त्यांच्याशी माझे तसे बोलणे झाले आहे.

२. माझे राहते घर, मागची कार्यशाळा आणि ट्रक हे सर्व डायना स्टानिच हिला मिळावे. डायना माझ्या धाकट्या दिराची, व्हर्ननची, मुलगी. यात तिचा काही दोष नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. बँकेत जे असेल त्यातले अर्धे डायनाला आणि अर्धे चर्चच्या वृद्ध सिस्टरांच्या आश्रमाला. माझ्या शाळेच्या सिस्टर अलोइशा तिथेच वारल्या. त्यांनी मला कापडाचा एकेक धागा मोजून भरतकाम करायला शिकवले आणि टाका चुकला की फूटपट्टीची कड बोटांवर मारली. त्याच बोटांनी मी पुढे या खोऱ्यातल्या निम्म्या रायफलींच्या लाकडी दस्त्यांवर चौकटीची नक्षी कोरली. ओल्या हातातही दस्ता निसटू नये म्हणून ती असते. पुरुष मंडळी ती एकमेकांना दाखवून म्हणायची, "लाइलचा हात बघ काय आहे." लाइल दर वेळी सांगायचा की हात मॉरीनचा आहे. ते हसायचे. त्यांना तो विनोद वाटायचा.

४. नक्षीच्या कोरण्या डायनाला. काडतुसे भरायचे लाइलचे यंत्र भंगारात घालावे. मात्र त्याआधी मंडळातल्या कुणी मागितलेच, तर त्याला तोंडावर "नाही" म्हणायचे सुख डायनाने जरूर घ्यावे.

५. हार्लन प्रूएट यांनी लाइलला भेट दिलेला प्लास्टिकचा दस्ता हार्लन प्रूएट यांनाच परत. त्यांच्या स्वतःच्या रायफलीवर दोन दुर्बिणी, एक दिवा, अंतर मोजायचे यंत्र आणि तीन पाय आहेत. ती खांद्याला लावायची की तिच्यावर टोस्ट भाजायचे, हे मला कधी कळले नाही. एल्क हरणांनाही कळत नसावे, कारण ती उभी राहून बघत असतात.

६. आता लाइलची रायफल. वकीलबाई टँडी ओक्स म्हणाल्या की मृत्युपत्रात एवढा इतिहास कुणी घालत नाही. मी म्हटले, मी घालते आहे, तुम्ही टाइप करा. त्यांना बंदुकीतले काही कळत नाही, म्हणून मुळापासून सांगते.

लाइल आणि व्हर्नन या दोघा भावांनी तरुणपणी दोन जुन्या लष्करी रायफली घेतल्या आणि एका हिवाळ्यात, एकाच टेबलावर बसून, त्यांच्या शिकारी रायफली केल्या. दस्ते एकाच अक्रोडाच्या फळीतून काढले. नक्षी दोन्हींवर माझी. शेजारी ठेवल्या तर जुळ्या वाटत. पुढे व्हर्ननला सुधारणेचा रोग जडला. आज चाप हलका कर, उद्या नळी बदल. शेवटी तो बोल्टच्या मागे लागला. बोल्ट म्हणजे काडतुसामागचे पोलादी दार. त्याला पुढे दोन कान असतात, ते खाचेत बसले की दार बंद होते. बोल्ट तेल लावल्यासारखा सरकावा म्हणून व्हर्ननने ते कान घासघास घासले आणि मग त्या घासलेल्या बोल्टला आपली नळी जुळवून घेतली. त्याच्या रायफलीत तो बोल्ट ठीक होता. इतर कुठल्याही रायफलीत तो लागला असता, पण मागे फट राहिली असती, आणि फट राहिली की काडतूस मागून फुटते.

दर शरद ऋतूत, एल्कच्या शिकारीआधीच्या शनिवारी, मंडळाचे लोक सभागृहात आपापल्या रायफली मांडतात. कुणी काय बदलले ते बघायचे, हातात घेऊन तोलायचे, नावे ठेवायची. रीत अशी की रायफल टेबलावर आणि बोल्ट मालकाच्या खिशात. बोल्ट नसलेली रायफल कुणीही न विचारता उचलावी. त्या वर्षी हार्लन प्रूएट नवे अध्यक्ष झाले होते आणि नव्या अध्यक्षाला काहीतरी सुधारावे लागते. त्यांनी हुकूम काढला की सगळे बोल्ट दाराशी एका तव्यात ठेवायचे आणि एकाच माणसाने सांभाळायचे. लाइल तेव्हाच म्हणाला, "हार्लन, कुत्र्यांची अदलाबदल झाली तर ती आपापल्या घरी परत येतात. बोल्ट येत नाहीत." सगळे हसले. बोल्ट सांभाळायला व्हर्नन बसला.

दुपारी नेमबाजीसाठी बोल्ट परत वाटले. लाइल त्या वेळी कुणाशी तरी काडतुसांवरून वाद घालत होता. तसाच हात मागे करून त्याने बोल्ट घेतला आणि न बघता बसवला. न बघता, कारण तो भावाच्या हातून आला होता.

पहिल्याच गोळीला काडतूस मागून फुटले. लाइलचा उजवा डोळा गेला.

मी आत हकलबेरी पाय, म्हणजे रानफळे भरून भाजलेला गोड पदार्थ, कापत होते. धावत बाहेर आले. हार्लन आणि आणखी दोघांनी लाइलला माझ्या ट्रकमध्ये घातले. व्हर्नन "सामान गोळा करतो" म्हणून मागे राहिला. आम्ही इस्पितळात पोहोचेपर्यंत इकडे निकाल लागला होता: लाइलने काडतुसात दारू जास्त भरली. व्हर्ननने सांगितले, हार्लनने मान डोलावली, बाकीच्यांनी माझा हकलबेरी पाय खाऊन संपवला.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर मी व्हर्ननने घरी पोहोचवलेली रायफल साफ करायला घेतली. आत सगळीकडे काजळी, पितळेचे कण चिकटलेले. आणि बोल्ट लख्ख, सकाळच्या तेलासकट. चुलीचा भडका उडाला आणि झाकणाला काळे लागले नाही, हे कुठल्या घरात होते? मी बोल्ट रुमालात बांधून लाइलच्या खाटेपाशी नेला. त्याने पट्टी बांधलेल्या अवस्थेत बोल्टच्या कानांवरून अंगठा फिरवला आणि हा आपलाच आहे म्हणाला. मग गोळी झाडताना आत कुणाचा होता, असे मी विचारले. त्याने तोंड भिंतीकडे केले. तसाच बोलला.

"मो, आई जिवंत आहे. तिला दोनच मुलगे आहेत. तू बोलायचं नाहीस."

मी शब्द दिला. सासूबाई शहाण्णव वर्षांच्या होऊन गेल्या, माझ्या मते मुद्दामच. तोवर लाइल म्हणायला लागला होता की आता काय फरक पडतो.

फरक पडत होता. मंडळाने भिंतीवर सूचना लावली की लाइल स्टानिच यांनी भरलेली काडतुसे मैदानावर चालणार नाहीत. ज्यांनी वर्षानुवर्षे त्याच्याकडून काडतुसे नेली ते डबे परत आणून आमच्या ओसरीवर ठेवू लागले. घंटाही वाजवत नव्हते. लाइल सकाळी दार उघडायचा, डबा आत घ्यायचा आणि फळीवर नीट मांडायचा. गुंज-गुंज तोलून दारू भरणारा तो माणूस. एकदा मी एक डबा रस्त्यात भिरकावला, तर तो जाऊन एकेक काडतूस वेचून आला. मी त्याला डाव्या खांद्याचा नवा दस्ता कोरून दिला. तो डाव्या डोळ्याने नेम धरायला शिकला आणि दर नोव्हेंबरला त्याच भावाबरोबर डोंगरात गेला. तो मरेपर्यंत ती सूचना भिंतीवर होती. आजही आहे.

पुढच्याच वर्षी व्हर्ननच्या रायफलीत नवा कोरा बोल्ट दिसला. फॅशन म्हणून बदलला, असे तो म्हणाला. एवढ्या जाणकारांपैकी एकालाही प्रश्न पडला नाही. चापाच्या वजनावरून दोन-दोन तास भांडणारी ही माणसे.

चूक कुणाचीही होते. तव्यातून चुकीचा बोल्ट उचलला गेला, ते मी त्याच आठवड्यात माफ केले असते. पण भाऊ रक्तबंबाळ होऊन ट्रकमध्ये पडलेला असताना तू बोल्ट बदलत बसलास, व्हर्नन. ते मी माफ केलेले नाही.

७. लाइल गेल्यापासून व्हर्नन ती रायफल मागतो आहे. "जोडी एकत्र नांदू दे, वहिनी," असे दर वेळी म्हणतो. ठीक. रायफल त्याला मिळावी, एका अटीवर. शरदातल्या शनिवारी, सगळ्या मंडळासमोर, त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावे की बोल्ट माझा होता, मी दिला, मी बदलला. न सांगितल्यास रायफल डायनाला.

इथवर टाइप झाले होते. यापुढचे मी आज, सहीच्या दिवशी, हाताने लिहीत आहे.

आज डायनाला सोडायला व्हर्नन आला आणि ट्रकमध्येच बसून राहिला. मी त्याला स्वयंपाकघरात बोलावले. वकीलबाई आणि आमचे शेजारी ओरेन टिबिट साक्षीसाठी आलेलेच होते. दुसरी साक्षीदार म्हणून वकीलबाईंची कारकून सही करणार होती. मी सर्वांसमोर कलम सहा मोठ्याने वाचायला घेतले. व्हर्ननने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तो ऐकत राहिला. लाइलच्या खाटेचा भाग आला तेव्हा त्याने मला थांबवले.

"वहिनी, खाटेपाशी झालं म्हणता ते खोटं आहे. दारू जास्त झाली असेल असं तो स्वतः मला म्हणाला. इस्पितळात. मी कबूल करायलाच गेलो होतो."

"म्हणाला असेल. तुझी सुटका करत होता."

"म्हणजे त्याला माहीत होतं?"

"रविवारपासून."

"आणि तरी माझ्याबरोबर शिकारीला येत होता?"

"दर वर्षी. मी दोघांचे जेवणाचे डबे भरत होते. तुझ्या डब्यात थुंकले नाही ते सिस्टर अलोइशांमुळे."

डायना खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिला यातले काही ठाऊक नव्हते. व्हर्ननने टोपी टेबलावर ठेवली. मग त्याने वकीलबाईंना विचारले की साक्षीदार सही कुठे करतो. त्यांनी समजावले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे कज्जे होतात.

"मग माझं नाव काढा," तो म्हणाला.

"रायफल जाईल, मिस्टर स्टानिच."

"जाऊ द्या. शनिवारी सभागृहात बोलायचं ते बोलेनच. पण तिथे बोललेलं लोक घरी जाईपर्यंत विसरतात. लिहिलेलं राहतं."

मी त्याला स्पष्ट सांगितले की याने माझा राग गेला असे समजू नये. तो म्हणाला, "तसं समजत नाही, वहिनी." राग गेलेला नाही, याची इथे नोंद करते.

सबब कलम सात मी स्वतः खोडले आहे आणि शेजारी सही केली आहे. कारकुनीच्या जागी दुसरा साक्षीदार व्हर्नन आहे. लाइलची रायफल, डाव्या दस्त्यासह, डायनाला मिळावी. तिच्यात तिने काहीही सुधारू नये.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर, कॉपर फोर्क, मोंटाना.
दिनांक: ९ ऑक्टोबर २०१८

(सही) मॉरीन थेरेसा स्टानिच

साक्षीदार:

(सही) ओरेन टिबिट, शेजारी. बाईंनी माझ्यासमोर सही केली. पूर्ण शुद्धीत होत्या, रागातही होत्या.

(सही) व्हर्नन स्टानिच, लाइलचा भाऊ. कलम सहा मी ऐकले. ते खरे आहे. लाइलने काडतुसात दारू बरोबर भरली होती.